डोंगर न कापता हॉटेल: जेफ्री बावांकडून साताऱ्याने काय शिकावं

हॉटेलचा आर्किटेक्ट काय करतो, असं विचारलं तर आपल्याकडे बहुतेक जण सांगतील की तो नकाशा काढतो, मंजुरी आणतो आणि रस्त्यावरून जाणारी गाडी थांबेल अशी दर्शनी बाजू करून देतो. साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला किंवा वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला जाताना जी नवी रिसॉर्टं दिसतात, त्यातली बरीचशी याच समजुतीतून उभी राहिली आहेत. ही समजूत आपल्याला महागात पडते आहे. ती बदलायची तर एखाद्या मोठ्या माणसाचं काम जवळून बघावं लागतं, म्हणून श्रीलंकेचे आर्किटेक्ट जेफ्री बावा यांच्याबद्दल लिहितो आहे. हॉटेलं त्यांनी बरीच बांधली, आणि त्यातली बरीचशी अशा जागी, जिथे इमारत चुकली असती तर जागाच गेली असती.

बावांचा जन्म 1919 चा, कोलंबोचा. वडील वकील. स्वतः केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकले, मग लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले. वकिलीत मात्र मन रमलं नाही. 1948 मध्ये त्यांनी बेंटोटाजवळ, तळ्याच्या काठावर रबराचा एक जुना मळा विकत घेतला. त्याचं नाव लुनुगंगा. तिथे आपल्या मनासारखी बाग करायची, एवढाच बेत होता. पण बाग करायला लागल्यावर त्यांना जाणवलं की डोळ्यांपुढे जे दिसतं ते जमिनीवर उतरवायला लागणारं तांत्रिक शिक्षण आपल्याकडे नाही. मग कोलंबोतल्या एका जुन्या आर्किटेक्ट कंपनीत त्यांनी उमेदवारी केली आणि नंतर लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनमध्ये रीतसर शिकले. 1957 मध्ये आर्किटेक्ट झाले तेव्हा त्यांचं वय 38 होतं.

हे वय मला फार महत्त्वाचं वाटतं. बावा आधी बागेत घडले आणि मग ड्रॉइंग बोर्डापाशी बसले. बाग करणारा माणूस जमिनीकडे रिकामा प्लॉट म्हणून बघत नाही. ऊन कुठून येतं, पाणी कुठे साचतं, कोणतं झाड राखायचं आणि कोणत्या दोन झाडांमधून लांबचं तळं दिसतं, हे तो आधी बघतो. बावांच्या कचेरीतल्या आराखड्यांत जागेवरची झाडं बारकाईने काढलेली असत, पान न् पान. आपल्याकडे नकाशात झाड असलंच तर हिरव्या गोलाने दाखवतात, आणि ते बहुतेक वेळा काम संपल्यावर लावायचं झाड असतं.

ते परत आले तेव्हा देशाची परिस्थिती अडचणीची होती. साठ आणि सत्तरच्या दशकांत श्रीलंकेत आयातीवर कडक बंधनं होती. पोलाद आणि काच हवी तेवढी मिळत नसे. मग दगड, वीट, चुना, लाकूड आणि मातीची कौलं यांतच काम भागवायचं. बावांनी या अडचणीतून आपली पद्धत बसवली. कौलारू छप्पर गळतं, ही तक्रार तिकडेही होतीच. त्यांनी खाली सिमेंटचे नालीदार पत्रे टाकले आणि त्यांच्या नाल्यांत अर्धगोल देशी कौलं बसवली. पाणी अडवायचं काम पत्र्याने केलं, आणि ऊन अडवायचं व छपराला रूप द्यायचं काम कौलाने. आपल्या भागात पत्र्याच्या घरात मे महिन्यातली दुपार काढलेल्या कोणालाही या जोडीचं मोल सांगावं लागणार नाही. फक्त त्या काळचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे होते. आज कोणी हे करणार असेल तर ॲस्बेस्टॉस नसलेले पत्रे घ्यावेत.

आता मूळ प्रश्न. घर बांधणं आणि हॉटेल बांधणं यात फरक काय?

हॉटेलमध्ये दोन इमारती एकमेकींत गुंफलेल्या असतात. पाहुण्याला दिसणारी एक: स्वागतकक्ष, खोल्या, जेवणघर, पोहण्याचा तलाव. पाहुण्याला न दिसणारी दुसरी: स्वयंपाकघर, भांडी घासायची जागा, धुलाई, गॅस आणि धान्याची कोठी, जनरेटर, कामगारांच्या खोल्या, कचरा आणि सांडपाणी. भाजीचा टेम्पो पाहुण्यांच्या नजरेसमोर खाली होता कामा नये, मळलेल्या चादरी स्वागतकक्षातून जाता कामा नयेत, आणि गरम चहा लांबच्या खोलीपर्यंत गरमच पोचला पाहिजे. या दोन वाटा कुठे भेटतात आणि कुठे अजिबात भेटत नाहीत, हे ठरवण्यात आर्किटेक्टची अर्धी बुद्धी खर्ची पडते. हे जमलं नाही तर हॉटेल कितीही देखणं असो, चालवणाऱ्याचा रोज जीव जातो.

उरलेली अर्धी बुद्धी एका वेगळ्या प्रश्नात जाते. पाहुणा इथे आला कशासाठी? तो खोलीसाठी आलेला नसतो, खोली त्याच्या घरीही आहे. तो समुद्रासाठी, डोंगरासाठी, पावसासाठी, शांततेसाठी येतो. म्हणजे हॉटेलवाल्याची खरी पुंजी बहुतेक वेळा त्याच्या सातबाऱ्याच्या बाहेर असते. कासची फुलं, कोयनेचं शिवसागर, सज्जनगडाचा कडा यांतलं काहीच कोणा रिसॉर्टच्या मालकीचं नाही, आणि धंदा मात्र त्यांच्यावरच चालतो. बावांची सगळी रचना या एका गोष्टीभोवती फिरते. त्यांना इमारतीकडे बघायला लावायचं नव्हतं. इमारतीतून बाहेर बघायला लावायचं होतं.

हे त्यांनी कसं केलं, ते बेंटोटा बीच हॉटेलात दिसतं. साठच्या दशकाच्या शेवटी श्रीलंका सरकारने पर्यटनाकडे लक्ष वळवलं, आणि बेंटोटाच्या किनाऱ्यावर ठरवून उभारलेल्या पर्यटनस्थळात हे हॉटेल झालं. 1969 च्या सुमारास ते पुरं झालं. खाली ओबडधोबड दगडाचा जाडजूड जोता. त्यात शिरल्यावर अंधारलेली, थंड, बुटकी जागा. तिथून जिना वर चढतो, वर पाहुण्याच्या डोक्यावर एना डी सिल्वा यांनी केलेल्या बाटिक कापडांचं रंगीत छत येतं, आणि मग मधोमध पाणी असलेला मोकळा चौक उघडतो. समुद्र अजून दिसलेलाच नाही, तरी उन्हातून आलेला माणूस तोवर निवलेला असतो.

ही युक्ती आपल्याला परकी नाही. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघितलेल्यांनी ती पायांनी अनुभवली आहे. दारातून आत आलं की बंदिस्त, अंधारी जागा, नजरेला काही मिळत नाही, आणि मग चौकात पाऊल पडलं की एकदम आभाळ. जागा आधी आवळायची, मग सोडायची. मोकळी जागा तेवढीच असते, पण आवळून सोडल्यावर ती मोठी वाटते. बावांनी हे श्रीलंकेतल्या जुन्या चौकाच्या घरांतून, मठांतून आणि डच काळातल्या बंगल्यांतून उचललं. आपल्याकडच्या नव्या रिसॉर्टमध्ये स्वागतकक्षाला दोन मजली काच लावतात आणि गाडीतून उतरल्या क्षणी सगळी दरी दाखवून टाकतात. मग पुढचे दोन दिवस पाहुण्याने नवं काय बघायचं?

अहुंगल्ला इथल्या त्यांच्या ट्रायटन हॉटेलात, 1981 च्या सुमारास, हाच विचार त्यांनी पाण्यातून मांडला. आत येताना दिसणारं तळं, त्यामागे पोहण्याचा तलाव आणि त्यामागे समुद्र, असं सगळं एका रेषेत. तलावाची कड जमिनीच्या पातळीला आणून ठेवली, त्यामुळे पाणी कुठे संपतं आणि समुद्र कुठे सुरू होतो ते नजरेला चटकन कळत नाही. आज अशा तलावांच्या जाहिराती सगळीकडे दिसतात. बावांनी तो त्या जागी केला, कारण समोर खरोखर समुद्र होता.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं त्यांचं हॉटेल म्हणजे दांबुल्लाजवळचं कांदलमा. आपल्या कामाची गोष्ट तीच आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका मोठ्या कंपनीला सिगिरिया या प्रसिद्ध खडकाजवळ हॉटेल बांधायचं होतं. सिगिरिया म्हणजे रानातून एकदम वर उठलेला खडक, त्यावर पाचव्या शतकातल्या राजवाड्याचे अवशेष. सुचवलेली जागा खडकाच्या जवळची होती. बावांनी ती नाकारली. त्यांनी हेलिकॉप्टरमधून तो मुलूख पाहिला आणि काही मैल दूर, कांदलमाच्या प्राचीन तलावाकाठचा एक कडा निवडला. तिथून सिगिरिया दिसतो, पण क्षितिजावर, तलावापलीकडे, लहानसा. पैसे घालणाऱ्या कंपनीला "तुमची जागा नको, लांब चला" असं सांगायला धाडस लागतं. आर्किटेक्टच्या कामातला सगळ्यात मोलाचा निर्णय मी याला म्हणेन, आणि तो कागदावर रेघ उमटायच्या आधीच झाला होता.

या हॉटेलला विरोधही मोठा झाला. बौद्ध भिक्खू आणि पर्यावरणवादी रस्त्यावर आले. जवळच दांबुल्लाची पवित्र लेणी, समोर शेतीला पाणी देणारा पुरातन तलाव. तिथे हॉटेल आलं की पाणी नासेल, रान तुटेल ही भीती खरीच होती. आपल्याकडे कासच्या आसपासच्या बांधकामांवरून जे वाद होतात तेही असेच असतात, आणि ते घालणाऱ्यांना विकासाचे विरोधक म्हणून उडवून लावणं मला चुकीचं वाटतं. असा विरोध असला की आर्किटेक्टला आणि मालकाला प्रत्येक गोष्टीचं उत्तर द्यावं लागतं.

बावांचं उत्तर इमारतीतच होतं. 1994 मध्ये पुरं झालेलं हे हॉटेल या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळपास 1 किलोमीटर लांब आहे. खोल्या दीडशेच्या आसपास. एवढं मोठं बांधकाम, पण कड्याच्या वळणाबरोबर वळत गेलेलं आणि फार रुंद कुठेच नाही. बराचसा भाग खांबांवर उचललेला आहे, त्यामुळे डोंगरावरून येणारं पावसाचं पाणी इमारतीखालून आपल्या वाटेने तलावाकडे जातं. प्रवेश गुहेसारखा. तिथून खडकालगतच्या निमुळत्या वाटेने चालत गेलं की अचानक समोर तलाव आणि दूर सिगिरिया. वाटेत खडक भिंतीतून आत आलेला आहे, तो फोडलेला नाही. छपरांवर माती आणि झाडं, दर्शनी बाजूला वेलींसाठी जाळ्या. आज तलावाच्या पलीकडून बघितलं तर हॉटेल रानात शोधावं लागतं.

यातली एक गोष्ट नीट उलगडून सांगतो, कारण पैशाचा प्रश्न तिथे येतो. हॉटेलात खोल्या मांडायच्या दोन रीती आहेत. मधे बोळ आणि दोन्ही हातांना खोल्या, ही पहिली. एकाच बोळात दुप्पट खोल्या बसतात, म्हणून खर्च कमी. पण निम्म्या खोल्यांना दरी दिसते आणि निम्म्यांना पार्किंग, बोळात दिवसाही दिवे लावावे लागतात, वारा आरपार जात नाही, आणि इमारत रुंद होते. रुंद इमारतीला रुंद सपाट जागा लागते, म्हणजे डोंगर जास्त कापावा लागतो. दुसरी रीत कांदलमाची: खोल्या एकाच बाजूला, सगळ्यांचं तोंड देखाव्याकडे, आणि मागे खडकालगत उघडा व्हरांडा. लांबी वाढते, चालणं वाढतं, नळ आणि वायरिंगही लांबतं. मात्र इमारत अरुंद राहते आणि उतारावर कडेकडेने बसते. बोळाचे दिवे आणि एसी वाचतो, डोंगर कापायचा आणि भिंती बांधायचा खर्च वाचतो. आपल्याकडे अंदाजपत्रकात वाढणारा खर्च मांडतात, वाचणारा खर्च कोणी मांडतच नाही.

आमच्या नात्यातल्या एका काकांची जावळीत उताराची जमीन आहे. तिथे खोल्या काढायच्या म्हणून ते परवा सांगत होते, "आधी जेसीबी लावून सपाट करून घेतो. मग बोलव तुझ्या त्या आर्किटेक्टला." मी म्हटलं, "काका, आधी त्याला बोलवू. सपाट करायचं की नाही, हेच तर त्याला विचारायचंय." ते म्हणाले, "त्यात विचारायचं काय? उतारावर काय खोल्या घसरत बांधायच्यात?"

विचारायचं हे. उतार सपाट करतात तेव्हा वरचा भाग कापतात आणि निघालेली माती खालच्या बाजूला भरतात. कापलेल्या कडेचा टेकू जातो. भरलेली माती मूळ जमिनीला धरलेली नसते, ती नुसती वर टाकलेली असते. मग वर आणि खाली भिंत बांधावी लागते. भिंत मातीला बहुतेक वेळा पुरून उरते, पण पाण्यापुढे हरते. 3 मीटर उंच भिंतीमागे पाणी काठोकाठ साचलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर नुसत्या पाण्याचाच साधारण साडेचार टन रेटा येतो. म्हणून भिंतीला पाणी निघायची भोकं आणि मागे खडीचा थर लागतो. तोच खर्च वाचवायला जातात. पावसाचा हिशेबही सोपा आहे. एका गुंठ्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं, एकरावर चार लाख लिटर. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि एका दिवसात 100 मिलिमीटर ही तिथल्या पावसाळ्यात नवलाची गोष्ट नाही. गवत आणि झाडोरा असलेली जमीन त्यातलं बरंच जिरवते, बाकीचं सावकाश सोडते. पेव्हर ब्लॉक घातलेलं सपाट अंगण सगळं एकदम खाली ढकलतं, शेजाऱ्याच्या शेतात किंवा खालच्या वाडीवर.

2021 च्या जुलैमध्ये पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळल्या, माणसं गेली. त्या दरडींचा संबंध मी हॉटेलांशी जोडत नाही. आपले डोंगर पावसाने चिंब झाल्यावर कसे वागतात, हे मात्र आपण सगळ्यांनी तेव्हा पाहिलं. त्यानंतर उताराला हात लावताना तरी आधी माणसाने थांबावं.

आपल्या आधीच्या पिढ्यांना हे ठाऊक होतं. त्यांनी डोंगरउतारावर शेती केली ती ताली घालून. कोरड्या दगडाची बुटकी ताल, दगडांच्या फटींतून पाणी पाझरायला वाट, आणि उताराच्या वळणाबरोबर वळलेली. एक मोठा सपाट तुकडा करण्याऐवजी लहान लहान टप्पे. कांदलमा पाहताना मला आपल्या तालीच आठवतात. खोल्याही अशा टप्प्याटप्प्याने, दोन-दोन चार-चारच्या गटाने, खांबांवर किंवा बुटक्या जोत्यावर बसवता येतात. पाहुणा जिन्याने खाली-वर करेल. डोंगरावर आलेला माणूस तेवढं चालतो.

इथे एक इशारा द्यायला हवा. बावांचं काम आवडलं की लोक त्याचं रूप उचलतात. कांदलमाचं सपाट, झाडं लावलेलं छप्पर बघून कोणी ते महाबळेश्वरला करायला जाईल. कांदलमा श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यात आहे. जो नैऋत्य मोसमी पाऊस आपल्याला झोडपतो, तो श्रीलंकेच्या नैऋत्य किनाऱ्यावर, म्हणजे बेंटोटाच्या बाजूला पडतो, आणि तिथे त्याच बावांनी उतरती, मोठी, लांब पागोळ्यांची कौलारू छपरं केली. श्रीलंकेत छप्पर हीच इमारतीची खरी ओळख, असं ते मानत. एकच माणूस दोन ठिकाणी दोन वेगळी छपरं करतो, कारण पाऊस वेगळा आहे. आपल्या पश्चिम भागात बेंटोटाचं छप्पर चालेल, आणि माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात कांदलमाचं कदाचित. एकाच जिल्ह्यात दोन्ही गोष्टी आहेत, तर एकच छापील आराखडा दोन्हीकडे कसा चालेल?

बावा जमिनीला हातच लावत नसत, असंही कोणी समजू नये. लुनुगंगाला घरातून तळं दिसत नव्हतं, मधे टेकडी होती. त्यांनी तिचा माथा उतरवला. पलीकडचं पाणी आणि त्यामागचा दूरचा स्तूप घरातून दिसू लागला. पण ही त्यांची स्वतःची जागा होती. तिच्या उन्हापावसाची त्यांना ओळख होती, आणि पुढे पन्नास वर्षं ते त्या बागेत बदल करत राहिले. जमीन बदलायचा हक्क त्यांनी तिच्याजवळ राहून मिळवला. जागा बघायला एकदा येऊन दुसऱ्या आठवड्यात जेसीबी पाठवणं, हे त्याच्या अगदी उलट आहे.

त्यांच्या बाकीच्या कामांत श्रीलंकेची संसद आहे. कोट्टेला तळ्यातल्या बेटावर उभी असलेली ही इमारत 1982 मध्ये पुरी झाली. 2001 मध्ये त्यांना वास्तुकलेच्या आगाखान पुरस्कारातला जीवनभराच्या कामासाठीचा विशेष सन्मान मिळाला, आणि 2003 मध्ये ते गेले. पण हे सगळं एकट्याने केलं असं नाही. एंजिनिअर पूलोगसुंदरम दीर्घकाळ त्यांचे भागीदार होते. शिल्पं आणि चित्रं लाकी सेनानायके यांची, कापड एना डी सिल्वा यांचं. स्थानिक गवंडी आणि सुतारही त्यांच्या कामात बरोबरीचे होते. काम चालू असताना जागेवर उभं राहून ते खिडकी सरकवत, भिंत वळवत. आपल्याकडे आर्किटेक्टला नकाशापुरते पैसे देतात आणि जागेवर यायचे वेगळे मागितले की मालक नाराज होतो. जागेवर न जाणाऱ्या आर्किटेक्टकडून बावांसारख्या कामाची अपेक्षा ठेवता येणार नाही.

तर ज्यांना जावळी, पाटण, महाबळेश्वर भागात खरोखर काही बांधायचं आहे, त्यांनी आर्किटेक्टला पहिल्यांदा जमिनीवर न्यावं ते जुलैमध्ये, भर पावसात. तेव्हाच कळतं की ओढा कुठून फुटतो, कुठे पाय रुततो, धुकं कुठे अडकतं आणि वारा कोणत्या बाजूने मारतो. मे महिन्यात केलेल्या पाहणीत यातलं काहीच दिसत नाही. सोबत गावातला एखादा म्हातारा माणूस घ्यावा. तिथला झरा कोणत्या वर्षी सरकला हे सरकारी नकाशात नसतं, त्याच्या डोक्यात असतं. नंतर उताराची मोजणी करून घ्यावी, राखायची झाडं खुणावून ठेवावीत, आणि मग सुतळी व खुंट्या लावून खोल्यांच्या जागा जमिनीवर आखून बघाव्यात. प्रत्येक खुंटीपाशी खुर्ची टाकून बसावं आणि समोर काय दिसतं ते बघावं.

महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे, आणि कासचं पठार 2012 पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहे. म्हणजे कुठे काय बांधता येतं, किती उंच, किती उतारावर, याचे नियम आहेत. ते आर्किटेक्टकडून आधी समजून घ्यावेत आणि सांडपाणी कुठे जाणार ते पहिल्याच बैठकीत विचारावं. खोल्या किती बसतील, हा प्रश्न त्यानंतर यावा. आमच्या काकांनी जेसीबीवाल्याला तूर्त दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं आहे.